कंटेनरमधलं डेटा सेंटर: गार कसं ठेवायचं, वीज कशी पुरवायची?

एप्रिलमध्ये भर दुपारी बाइकच्या हँडलला फोन लावून मॅप बघत निघालात, की थोड्या वेळाने फोन तापतो. आधी स्क्रीन अंधूक होते, मग चार्जिंग थांबतं, आणि फारच तापला तर फोन थंड होऊ द्या अशी सूचना येते. फोनला पंखा नसतो. तापल्यावर तो एकच गोष्ट करू शकतो, ती म्हणजे काम कमी करणं. पण त्याच फोनवर तुम्ही जी रील बघता, जे यूपीआय पेमेंट करता, एआय चॅटबॉटला जो प्रश्न विचारता, त्याचं बरंचसं काम कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर होत असतं. सर्व्हरही तापतो, आणि तो फोनसारखा सुस्तावला तर एकाच वेळी हजारो लोकांचं काम अडतं. म्हणून त्याला सतत गार ठेवावं लागतं.

सर्व्हर गार ठेवायला वीज लागते किंवा पाणी लागतं. बहुतेक वेळा दोन्ही. किती वीज, किती पाणी आणि ते कोणाच्या वाट्याचं, हा डेटा सेंटरमधला खरा प्रश्न आहे. छोट्या, हलवता येणाऱ्या म्हणजे मोड्युलर डेटा सेंटरच्या उदाहरणावर तो नीट समजतो, कारण तिथले आकडे कागदावर मांडता येतील एवढे लहान असतात.

मोड्युलर म्हणजे नक्की काय?

नेहमीचं डेटा सेंटर म्हणजे मोठी इमारत. पनवेलमधलं योट्टाचं २०२० साली सुरू झालेलं सेंटर ७,२०० रॅकसाठी बांधलेलं आहे. मोड्युलरमध्ये इमारत बांधत नाहीत. कारखान्यातच एका कंटेनरमध्ये रॅक, वायरिंग, यूपीएस आणि कूलिंग बसवून, तपासून, ट्रेलरवर टाकून आणतात. जागेवर सिमेंटचा चौथरा, विजेची जोडणी आणि फायबर केबल तयार ठेवली की काही आठवड्यांत काम सुरू होऊ शकतं. गरज वाढली की शेजारी दुसरा कंटेनर ठेवायचा.

कल्पना तशी जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००६ मध्ये 'प्रोजेक्ट ब्लॅकबॉक्स' नावाने २० फुटी कंटेनरमधलं डेटा सेंटर दाखवलं होतं. गुगल तर २००५ पासूनच असं सेंटर चालवत होतं. एकाच छताखाली ४५ कंटेनर, प्रत्येकात १,१६० पर्यंत सर्व्हर. ही गोष्ट त्यांनी २००९ मध्ये जगाला सांगितली. मायक्रोसॉफ्टने 'प्रोजेक्ट नॅटिक'मध्ये ८६४ सर्व्हरचा सीलबंद नळकांड्यासारखा डेटा सेंटर २०१८ मध्ये स्कॉटलंडजवळ समुद्राच्या तळाशी ठेवला आणि २०२० मध्ये वर काढला. आत माणूस नाही, ऑक्सिजन नाही, भोवती गार पाणी. जमिनीवरच्या तशाच सर्व्हरच्या तुलनेत तिथले सर्व्हर बिघडण्याचं प्रमाण एक अष्टमांश निघालं.

आपल्याकडे याचा सगळ्यात जवळचा भाऊबंद तुम्ही रोज बघता, तो म्हणजे मोबाइल टॉवरखालची केबिन. तिच्यात यंत्रं, बॅटऱ्या, बाहेर डिझेल जनरेटर आणि कुंपण. पूर्वी या केबिनला एसी लागायचा. नंतर उघड्या हवेत टिकणारी उपकरणं आली आणि कितीतरी टॉवरवरून एसी गेला. कूलिंगचा खर्च वाचवायचा सगळ्यात चांगला मार्ग कोणता, याचं उत्तर टॉवरवाल्यांनी आधीच देऊन ठेवलंय: यंत्रच असं घ्या की त्याला कमी गारवा लागेल.

हिशेबासाठी एक गाव

उदाहरणाला शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक घेऊ. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव सगळ्यांना माहीत आहे. इथे डेटा सेंटर आलंय किंवा येणार आहे असं नव्हे, गाव हिशेबापुरतं घेतलंय. पण निवड उगाच नाही. पुण्यापासून अंतर कमी, कोरेगाव भीमा आणि सणसवाडीचा औद्योगिक पट्टा हाकेवर, महापारेषणचं ४०० केव्हीचं उपकेंद्र लोणीकंदला, आणि भीमा नदी जवळून वाहते. कागदावर बघणाऱ्याला जागा एकदम फिट वाटेल. मात्र भीमेचं पाणी उसाला, कांद्याला, जनावरांना आणि माणसांनाही लागतं.

आता समजा एक ४० फुटी कंटेनर आहे आणि त्यातले सर्व्हर मिळून १०० किलोवॉट वीज घेतात.

१०० किलोवॉट म्हणजे साडेसात एचपीच्या साधारण अठरा मोटारी रात्रंदिवस, थ्री फेजची वाट न बघता, वर्षभर चालू. दिवसाला २,४०० युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणारी ७२० घरं धरली, तर त्यांची मिळून जेवढी वीज तेवढी. आणि यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. मोटार निदान पाणी वर चढवते, सर्व्हर काही उचलत नाही की हलवत नाही. त्यामुळे १०० किलोवॉट आत गेले की १०० किलोवॉटचा उकाडा बाहेर काढावाच लागतो. दोन किलोवॉटचे पन्नास हीटर एका ४० फुटी खोलीत लावून दार बंद केल्यासारखं आहे हे.

हवा: कांदा चाळीत जे चालतं तेच

सर्वात सोपा उपाय म्हणजे वारा. सर्व्हरच्या समोरून गार हवा आत, मागून गरम हवा बाहेर. हवा आत येते आणि बाहेर पडते यात १२ अंशांचा फरक धरला, तर १०० किलोवॉटसाठी सेकंदाला सुमारे साडेसात घनमीटर हवा फिरवावी लागते. कंटेनरच्या आतली सगळी हवा दर नऊ सेकंदांनी बदलण्याइतकी.

इथे कांदा चाळ आठवा. चाळ जमिनीपासून उचललेली असते, खालून आणि बाजूंच्या फटींतून वारा खेळतो, आणि ढीग मुद्दाम अरुंद ठेवतात. रुंद केला की मधल्या कांद्याला हवा लागत नाही, तो तापतो आणि सडतो. डेटा सेंटरमध्ये रॅकच्या रांगा याच कारणाने मांडतात: दोन रांगांची तोंडं समोरासमोर, पाठी पाठीला लागून. मधे एक गार गल्ली, एक गरम गल्ली. त्यांच्यात पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा पडदा लावून दोन्ही हवा मिसळू द्यायची नाही.

हा पडदा फालतू वाटतो, पण सगळ्यात जास्त पैसे तोच वाचवतो. गरम हवा वळून परत पुढे आली, तर १२ अंशांचा फरक ६ वर येतो आणि दुप्पट हवा फिरवावी लागते. पंख्याचा नियम मोठा वाईट आहे: त्याच वाटेने दुप्पट हवा ढकलायला आठपट वीज लागते. उलट पंख्याचा वेग फक्त २० टक्के कमी केला, तर वीज जवळपास निम्मी होते. म्हणून रॅकमधल्या रिकाम्या खाचांवर साध्या पट्ट्या लावणं हे कित्येकदा नव्या महागड्या कूलिंग मशीनपेक्षा उपयोगी पडतं. कंटेनरमध्ये जागाच कमी असल्याने ही गल्लीची शिस्त कारखान्यातच लावून मिळते, आणि मोड्युलरचा हा मोठा फायदा आहे.

मग प्रश्न उरतो, आत घ्यायची हवा किती गार हवी? या क्षेत्रात ॲशरे या संस्थेचे मापदंड पाळतात. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश ही त्यांची शिफारस. बऱ्याच सर्व्हरना ३५ अंशांपर्यंतही चालतं. म्हणजे स्वेटर घालून फिरावं लागेल असं १६ अंशांचं सर्व्हर रूम ठेवणं ही जुनी सवय आहे, गरज नाही. आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा बारा अंशांच्या आसपास येतो. तेव्हा बाहेरची हवा गाळून आत घेतली की झालं. उलट ती जास्त गार पडते म्हणून थोडी गरम हवा परत मिसळावी लागते. वर्षातले बरेच तास, विशेषतः हिवाळा आणि बाकीच्या काळातल्या रात्री, अशा फुकटच्या गारव्यात निघतात.

फुकट म्हणताना एक खर्च विसरू नये, फिल्टरचा. नगर रोडची धूळ, खडी वाहणारे डंपर, ऊस तुटल्यावर पेटवलेलं पाचट, दौंडकडच्या गुऱ्हाळांचा धूर. ही काजळी सर्व्हरवर बसली तर गारव्याचं वाचलेलं बिल दुरुस्तीत जातं.

एप्रिलची दुपार आणि पाण्याचा टँकर

आता अवघड भाग. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश असताना बाहेरची हवा तशीच आत घेता येत नाही. इथे दोन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे कॉम्प्रेसर, तुमच्या घरच्या एसीचा थोरला भाऊ. तो कुठल्याही हवेत चालतो, पण वीज खातो. उन्हाळ्यात एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर फेकतो असं धरलं, तर आपल्या कंटेनरसाठी ३३ किलोवॉट नुसते गारव्याला. दिवसाला ८०० युनिट.

दुसरा रस्ता म्हणजे ओलं पॅड. वाळ्याच्या ताट्या, माठ, घरचा कूलर, फुलांच्या पॉलिहाउसमधली फॅन-पॅड सिस्टिम, सगळ्यांचं तत्त्व एकच: पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे हे इथे फार छान चालतं. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगल्या पॅडमधून येणारी हवा २४ अंशांच्या जवळपास मिळते. सर्व्हरला २७ पर्यंत चालतं, म्हणजे काम झालं. पंखे आणि पंप मिळून ५ किलोवॉट धरले तर दिवसाला १२० युनिट. कॉम्प्रेसरपेक्षा ६८० युनिट कमी.

हेच नवी मुंबईत करून बघा. मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तेच पॅड हवा २९ अंशांच्या खाली नेऊ शकत नाही. घामाघूम झालेल्या माणसाला कूलरसमोर बसवल्यासारखं. तरीही मोठी डेटा सेंटरं मुंबई-नवी मुंबईतच जास्त आहेत, कारण समुद्राखालच्या इंटरनेट केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात आणि मोठे ग्राहकही तिथेच आहेत. पुण्याच्या बाजूला हवा चांगली, तिथे केबल चांगल्या. पावसाळ्यात मात्र आपलाही फायदा संपतो. जुलैत २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की पॅड फक्त दोन-तीन अंश उतरवतं आणि वर दमटपणा वाढवतं. त्या दिवसांसाठी छोटा कॉम्प्रेसर ठेवावाच लागतो.

आणि आता पॅडचं बिल. १०० किलोवॉट उष्णता फक्त बाष्पीभवनाने घालवायची, तर तासाला सुमारे १५० लिटर पाणी उडून जातं. दिवसाला साडेतीन हजार लिटरच्या वर. शिवाय उडतं ते पाणी, क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी जड असेल तर पॅडवर पांढरा थर चढतो, म्हणून टाकीतलं थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. ते धरलं तर रोज चार ते साडेचार हजार लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर सव्वादोन-अडीच दिवसांत संपला. आणि ही मागणी नेमकी कधी असते? विहिरीने तळ गाठलेला असतो तेव्हा, मार्च ते मे.

एवढं वाचून पॅड वाईट आणि एसी चांगला असं वाटेल. पण थांबा. एसीची जादा ६८० युनिट कुठून येतात? ती कोळशावरच्या वीज केंद्रातून आली असं धरा. वीज केंद्रालाही गार व्हावं लागतं आणि तेही पाण्यानेच होतं. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमानुसार जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरायची मुभा आहे. ६८० गुणिले साडेतीन, म्हणजे जवळजवळ २,४०० लिटर. म्हणजे वढूत एसी लावून पाणी वाचवलं असं म्हटलं, तर त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी चंद्रपूर किंवा कोराडीला खर्च होऊ शकतं. आपल्याला दिसत नाही एवढंच. बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. वीज आणि पाणी ही दोन वेगळी बिलं असली तरी आतून ती जोडलेली आहेत.

माझ्या मते यातला शहाणपणाचा मार्ग मधला आहे. पॅड वर्षभर न चालवता फक्त हवा २७ अंशांच्या वर असेल त्या तासांना चालवायचं, पाणी नदीचं किंवा बोअरचं न घेता पावसाळ्यात छपरावरून साठवलेलं आणि प्रक्रिया केलेलं सांडपाणी घ्यायचं, आणि टाकीची पातळी खाली गेली की सिस्टिम आपोआप कॉम्प्रेसरवर जाईल अशी सोय करायची. सेटिंग एकदाच करायची असते, पण ती करायला कोणीतरी सांगावं लागतं.

पाणी थेट चिपपर्यंत: पुण्याच्या आयसरमधलं उदाहरण

हवा हे उष्णता वाहून न्यायचं तसं दुबळं साधन. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साडेतीन हजार पटींच्या आसपास उष्णता वाहतं. १०० किलोवॉटसाठी सेकंदाला साडेसात घनमीटर हवा लागत होती. त्याऐवजी पाणी घेतलं आणि ते १० अंशांनी तापू दिलं, तर सेकंदाला अडीच लिटरही पुरे.

हे पुस्तकातलं नाही. सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली, १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' हा महासंगणक बनवला. पुढे राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमध्ये २०१९ साली पुण्याच्या पाषाणमधल्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' बसला. त्याच्यात थेट द्रव-शीतलन आहे. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूची पोकळ पट्टी बसवतात, तिच्यातून द्रव वाहतो आणि चिपची उष्णता तिथल्या तिथे उचलतो. पुणे जिल्ह्यातच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. २६ सप्टेंबर २०२४ ला देशाला अर्पण झालेल्या तीन 'परम रुद्र' महासंगणकांपैकी एक तिच्यासाठी आहे. त्याच दिवशी पाषाणच्याच आयआयटीएममध्ये हवामानासाठीचा 'अर्क' सुरू झाला. थोडक्यात, मोठी गणितं गार डोक्याने करायची विद्या आपल्या जिल्ह्यात चांगली रुजलेली आहे.

थेट द्रव-शीतलनाची खरी गंमत पुढे आहे. चिप ७०-८० अंशांवरही मजेत चालते. म्हणून तिला गार पाणी लागतच नाही, कोमट चालतं. काही यंत्रणा ४० ते ४५ अंशांचं पाणी आत घेऊन चालतील अशा बनवतात. बाहेर ३८ अंश असले तरी ४५ अंशांहून गरम पाणी त्या हवेत निवतं. नुसता रेडिएटर आणि पंखा, गाडीला असतो तसा. कॉम्प्रेसर नाही, पाणी उडून जाणं नाही, तेच पाणी बंद नळीत गोल गोल फिरतं. एप्रिलच्या दुपारचा आपला सगळा पेच इथे सुटतो. म्हणजे बराचसा सुटतो. पट्टी फक्त प्रोसेसरवर असते. मेमरी, डिस्क आणि पॉवर सप्लाय यांची साधारण पाव भाग उष्णता अजूनही हवेनेच काढावी लागते.

एआयमुळे हे आता ऐच्छिक राहिलेलं नाही. एनव्हिडियाची एक एच१०० चिप ७०० वॉटपर्यंत वीज घेते. त्यांचा जीबी२०० चा ७२ चिपचा रॅक १२० किलोवॉटच्या घरात जातो. आपण अख्ख्या कंटेनरला जेवढी वीज धरली, त्याहून जास्त एका कपाटात. तिथे पंखे लावून भागत नाही.

आणखी एक पद्धत म्हणजे अख्खा सर्व्हर वीज न वाहणाऱ्या तेलात बुडवणं. ऐकायला विचित्र, पण तुमच्या गावातल्या डीपीत हेच चालू असतं (व्हॉट्सॲपचा नव्हे, खांबावरचा). ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी तेलातच बुडलेली असते आणि बाहेरच्या पंखांसारख्या पात्यांतून ते तेल निवतं. सर्व्हरच्या बाबतीत अडचण दुरुस्तीची. एक मेमरी कार्ड बदलायचं तर तेलातून निथळवत काढावं लागतं.

वीज येते कशी, गळते कुठे

गारव्याप्रमाणेच वीज वाटेतही वाया जाते, आणि त्याकडे कमी लक्ष जातं. हाय टेन्शन लाइनची वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरते, मग यूपीएसमध्ये एसीची डीसी आणि डीसीची परत एसी होते, मग सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये पुन्हा डीसी, आणि शेवटी चिपला लागतो जेमतेम एक व्होल्ट. समजा ट्रान्सफॉर्मर ९८.५ टक्के, यूपीएस ९५ टक्के आणि पॉवर सप्लाय ९४ टक्के कार्यक्षम आहे. तिघांचा गुणाकार ८८ टक्के. शंभरातले बारा वाटेतच गेले, आणि ते बारा परत उष्णता होऊन बसले, जी काढायला पुन्हा वीज.

यूपीएसची एक खोड आहे. भरपूर लोडवर तो छान चालतो, पण क्षमतेच्या दहा टक्केच लोड असेल तर कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास घसरू शकते. मोठ्या इमारती पाच वर्षांनंतरच्या गरजेचा विचार करून मोठी यंत्रणा आधीच बसवतात, आणि पहिली काही वर्षं ती अर्धपोटी चालते. मोड्युलरचा खरा फायदा माझ्या मते इथे आहे, ट्रेलरवर नेता येण्यात नाही. यूपीएसचे तुकडे, कूलिंगचे तुकडे आणि कंटेनर, सगळं लागेल तसं वाढवायचं. दहा माणसांच्या स्वयंपाकाला शंभर माणसांचं पातेलं चढवायचं नाही.

वायरमधलं नुकसानही कमी करता येतं. तेवढीच वीज चौपट व्होल्टवर नेली तर करंट चौथ्या हिश्शावर येतो आणि तारेतलं नुकसान सोळाव्या. म्हणून नव्या रॅकमध्ये १२ व्होल्टऐवजी ४८ व्होल्टची पट्टी फिरवतात. टॉवरवाले ४८ व्होल्ट डीसी कितीतरी वर्षांपासून वापरताहेत, पुन्हा तेच पुढे.

बॅटरी घेताना गावाकडचा उन्हाळा लक्षात घ्यावा. लेड-ॲसिड बॅटरीला २५ अंश मानवतात, त्यावर दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सर्व्हरला ३० अंश चालत असताना केवळ बॅटरीसाठी एसी लावणं हा मूर्खपणा अनेक ठिकाणी चालतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग, पण उष्णता जास्त सोसते आणि टिकते. बॅटरी काही मिनिटं सांभाळते, पुढे डिझेल. १२० किलोवॉटच्या भाराला जनरेटर तासाला साधारण ३५ लिटर डिझेल पितो.

आणि सोलर? कूलिंगसकट दिवसाला २,९०० युनिट धरा. आपल्या उन्हात एक किलोवॉटचं पॅनेल रोज सरासरी चार युनिट देतं, म्हणजे ७२० किलोवॉटचे पॅनेल आणि तीन-साडेतीन एकर जमीन. एका कंटेनरसाठी. आणि रात्रीचं काय, हा प्रश्न तसाच. म्हणून सगळं आपल्याच पॅनेलवर चालवायचा हट्ट परवडत नाही. २०२२ च्या ग्रीन ओपन ॲक्सेस नियमांनी मात्र एक दार उघडलं. पूर्वी एक मेगावॉटहून मोठ्या ग्राहकालाच बाहेरून हरित वीज विकत घेता यायची, ती मर्यादा १०० किलोवॉटवर आणली गेली. नेमका आपला कंटेनर त्यात बसतो. २०२३ च्या केंद्रीय नियमांत औद्योगिक ग्राहकांना दिवसा, सौर तासांत वीज १० ते २० टक्के स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत महाग ठेवायची दिशा आहे. त्याचा उपयोग दूध संकलन केंद्रावरच्या आइस बँकेसारखा करता येतो: दुपारी स्वस्त विजेवर टाकीभर पाणी गार किंवा बर्फ करून ठेवायचं, आणि संध्याकाळी महाग तासांत कॉम्प्रेसर बंद ठेवून त्या गारव्यावर चालवायचं.

पीयूई: आकडा चांगला, पण पूर्ण नाही

डेटा सेंटरची कार्यक्षमता 'पीयूई'मध्ये मोजतात. २००७ मध्ये ग्रीन ग्रिड या गटाने तो रूढ केला. एकूण आत आलेली वीज भागिले सर्व्हरला मिळालेली वीज. १ म्हणजे काहीच वाया नाही. जगातली सरासरी दीड ते १.६ च्या मध्ये, गुगलची सेंटरं १.१ च्या आसपास. आपल्या कंटेनरचा पीयूई १.६ वरून १.२ वर आणला तर वर्षाला साडेतीन लाख युनिट वाचतात. ८ रुपये युनिट धरलं तर २८ लाख रुपये.

पण पीयूईत पाणी मोजतच नाहीत. रोज टँकर ओतून पीयूई १.१ दाखवता येतो. दुसरी गंमत म्हणजे सर्व्हरच्या आतले छोटे पंखे आणि पॉवर सप्लायमधलं नुकसान 'सर्व्हरची वीज' म्हणून धरलं जातं. खोली जास्त गरम ठेवली, सर्व्हरचे पंखे जोरात फिरू लागले, एकूण बिल वाढलं, तरी पीयूई सुधारलेला दिसू शकतो. पाण्यासाठी 'डब्ल्यूयूई' नावाचा वेगळा आकडा आहे, सर्व्हरच्या एका युनिटमागे किती लिटर. सतत पॅडवर चालणाऱ्या सेंटरचा तो दीड ते दोन असतो, बंद नळीतल्या द्रव-शीतलनाचा शून्याजवळ.

कंटेनर तुमच्या गावात आला तर

पुणे-नगर रस्त्यालगत कारखाने आणि गोदामं दिसतातच, कंटेनर यायलाही वेळ लागणार नाही. ग्रामपंचायतीकडे ना हरकत मागायला कोणी आलं तर पीयूई वर्षाचा सरासरी सांगतात की मेमधल्या दुपारचा, हे विचारा. डब्ल्यूयूई लिटरमध्ये विचारा, आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत पाणी कुठून आणणार हे लेखी मागा. पॅडमधून सोडून दिलेलं खारट पाणी ओढ्यात जाणार की टाकीत, हाही प्रश्न ठेवा. जनरेटरची महिन्याची चाचणी दिवसा घेणार की रात्री, पंख्यांचा आवाज कुंपणाजवळ किती डेसिबल, विजेसाठी वेगळा फीडर घेणार की गावाच्याच डीपीवर भार टाकणार, हेही त्यांच्या आराखड्यात आधीच लिहिलेलं असतं. ती पानं फक्त मागून घ्यावी लागतात.